हिकमत आणि होक्मा : प्राचीन हिब्रू ज्ञानवाङ्मयातील जीवनविचार

मराठीत 'हिकमत' हा शब्द आपण युक्ती, चातुर्य, कौशल्य ह्या अर्थांनी वापरतो. एखादा कारागीर मोडकी वस्तू चालती करतो, तेव्हा त्याने हिकमत लढविली असे म्हणतो. अडचणीतून वाट काढणारा माणूस हिकमती ठरतो. 'हकीम' आणि 'हुकूम' हे शब्दही आपल्या नित्य परिचयाचे आहेत. हे तिन्ही शब्द फारसीच्या द्वारे अरबीतून मराठीत आले, आणि तिघांच्याही मुळाशी ह्-क्-म् हा एकच त्रिव्यंजनी धातू आहे. हिब्रू ही अरबीची सहोदर भाषा. तिच्यात ह्याच धातूपासून 'होक्मा' हे नाम सिद्ध झाले आहे, आणि ज्या ग्रंथसमूहाचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे, त्याचा मध्यवर्ती शब्द हाच होय.

ह्या नामाचे भाषांतर मराठीत 'ज्ञान' असे करण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नाही. पण 'ज्ञान' म्हणताच आपले मन उपनिषदांकडे व ज्ञानमार्गाकडे धावते, आणि तेथेच दिशाभूल होते. जुन्या करारातील प्रयोग पाहिले तर 'होक्मा' प्रथम भेटते ती हातांच्या बोटांत. निवासमंडपाचे जडावकाम व कोरीवकाम करणारा बसालेल, सूत कातणाऱ्या स्त्रिया, वादळात गलबत सांभाळणारे खलाशी ह्या सर्वांच्या कसबाला हाच शब्द लाविला आहे. साहित्याचा स्वभाव ओळखून, त्याच्याशी झटापट न करता, त्याजकडून काम करवून घेणे हा त्याचा मूळ आशय दिसतो. हिब्रू पंडितांनी हा शब्द जगण्याला लाविला, तेव्हा जगणे हेही एक कसब आहे, ते शिकावे लागते आणि त्यातही हात बसावा लागतो, असे त्यांस अभिप्रेत होते. ह्या दृष्टीने आपली 'हिकमत' ही 'ज्ञाना'पेक्षा मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. अरबीत ह्याच धातूपासून लगामाच्या एका भागाचेही नाव बनले आहे, हे येथे नमूद करून ठेवतो. आवर घालणे ही कल्पना पुढे आपणांस पुन्हा भेटेल.

'ज्ञानवाङ्मय' ह्या सदरात सामान्यतः नीतिसूत्रे, ईयोब व उपदेशक हे हिब्रू पवित्रशास्त्रातील तीन ग्रंथ, आणि त्याबाहेरचे बेन सिराचा ग्रंथ व मुळात ग्रीकमध्ये लिहिलेले 'शलमोनाचे ज्ञान' असे पाच ग्रंथ घातले जातात. हे वर्गीकरण प्राचीन नव्हे. ते एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्वत्तेचे अपत्य असून, योहान ब्रूख ह्यांच्या १८५१ मधील ग्रंथात ते प्रथम पद्धतशीरपणे मांडले गेले. विल काइन्स ह्यांनी २०१९ मध्ये ह्या वर्गाचा मृत्युलेखच लिहिला : इतके भिन्न ग्रंथ एका कोठडीत कोंडल्याने त्यांचे अन्य ग्रंथांशी असलेले नाते दिसेनासे होते, असा त्यांचा आक्षेप आहे. आक्षेपात तथ्य आहे. तरीही पहिले तीन ग्रंथ एकत्र वाचण्याला एक भक्कम कारण उरते. मिसरातून सुटका, सिनाय पर्वतावरील करार, पूर्वजांना दिलेली वचने ह्या इस्राएलाच्या इतिहासस्तंभांचा त्यांत आधार घेतलेला नाही. माणूस म्हणून माणसाने कसे वागावे, एवढाच त्यांचा विषय आहे.

नीतिसूत्रांचा ग्रंथ एकतीस अध्यायांचा आणि ९१५ वचनांचा आहे. मथळ्यावर शलमोन राजाचे नाव असले तरी तो एका हातचा नाही, हे ग्रंथ स्वतःच सांगतो. त्यात पोटमथळे आहेत. दहाव्या अध्यायापासून बाविसाव्याच्या मध्यापर्यंतच्या संग्रहात ३७५ वचने आहेत, आणि शलमोनाच्या हिब्रू नावातील चार अक्षरांच्या संख्यामूल्यांची बेरीजही ३७५ च होते; संकलकाने मोजून वचने घातली असावीत, असा तर्क त्यावरून केला जातो. पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी, पुढील संग्रह यहूदाचा राजा हिज्कीया ह्याच्या माणसांनी उतरवून घेतल्याची नोंद आहे. हिज्कीयाचा काळ इ. स. पू. आठव्या शतकाची अखेर व सातव्याचा आरंभ हा होय. तेथे वापरलेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ 'एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविणे' असा आहे. ते तोंडी वचन लेखनात आणणे होते की एका गुंडाळीतून दुसरीत नकल करणे होते, हे त्या क्रियापदावरून ठरत नाही. परंतु दरबारी लेखकवर्गाचा हात मात्र तेथे स्पष्ट दिसतो.

ह्याहून उद्बोधक प्रकार बाविसाव्या अध्यायाच्या उत्तरार्धात आहे. ब्रिटिश म्यूझियमसाठी वॉलिस बज ह्यांनी १८८८ मध्ये मिळविलेला एक इजिप्शियन पपायरस १९२३ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाला. आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलास केलेला तो उपदेश असून त्याची तीस प्रकरणे आहेत. पुढल्याच वर्षी आडोल्फ एर्मान ह्यांनी दाखवून दिले की, नीतिसूत्रांतील ह्या भागाचे त्याच्याशी इतके निकट साम्य आहे की ते योगायोगाने होणे शक्य नाही. गरिबास लुबाडू नये, तापट माणसाची संगत धरू नये, शेताची हद्द सरकवू नये, हे विषय दोन्हीकडे आहेत. मिळविलेली संपत्ती पंख फुटून आकाशात उडून जाते ही कल्पनाही दोन्हीकडे आहे; फक्त नाईलकाठी ती हंसजातीच्या पक्ष्यांसारखी उडते आणि यहूदाच्या डोंगरात गरुडासारखी. भाषाभ्यासकास विशेष रस वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. ह्या भागाच्या प्रस्तावनेत एक शब्द शतकानुशतके टीकाकारांना छळीत आला होता. लिखित पाठाप्रमाणे त्याचा अर्थ 'परवा' असा होई, समासातील पाठाप्रमाणे 'सरदार' असा काहीसा होई, आणि दोन्ही तेथे बसत नसत. एर्मान ह्यांनी स्वरचिन्हे बदलून तो 'तीस' असा वाचला. लेखक आपण तीस वचने लिहून दिल्याचे सांगत होता! एका परभाषेतील ग्रंथाने हिब्रू वाक्याचा असा उलगडा केला.

परदेशचे ज्ञान घेण्यात ह्या मंडळींना कमीपणा वाटत नव्हता, ह्याची साक्ष ग्रंथाचा शेवटचा अध्यायही देतो. लमुवेल नावाच्या राजाला त्याच्या आईने केलेला उपदेश तेथे आहे. राजाने मद्य व स्त्रिया ह्यांच्या नादी लागू नये, आणि ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही त्यांच्यासाठी बोलावे, असे ती बजावते. ती त्याला 'मुला' म्हणून तीनदा हाक मारते, आणि तिन्ही वेळा हिब्रू 'बेन' न म्हणता आरामी 'बार' म्हणते. लगेच पुढे 'राजे' ह्या शब्दाचे अनेकवचनही आरामी प्रत्ययाने येते. इस्राएलाबाहेरची ही आई आपल्या बोलीसकट ग्रंथात आली आहे, आणि संकलकांनी तिची बोली शुद्ध करण्याचा खटाटोप केलेला नाही.

आता ह्या वचनांच्या घडणीकडे वळू. वचनास हिब्रूत 'माशाल' म्हणतात. 'सारखे असणे' असा अर्थ असलेल्या धातूशी ह्या नामाचे नाते आहे, आणि अरबीमार्गे आपणांकडे आलेला 'मिसाल' हा त्याचाच सगोत्र होय. मराठी बायबलाने त्यासाठी 'नीतिसूत्र' हा शब्द योजिला आहे. शब्द भारदस्त आहे, परंतु सूत्र म्हटले की निःसंदिग्धता व सर्वत्र लागू पडणारा नियम ह्यांची अपेक्षा निर्माण होते. माशालाचा स्वभाव ह्याहून वेगळा आहे. तो दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि थांबतो. हिब्रूत वर्तमानकाळी 'आहे' ह्या अर्थाचे क्रियापद लागत नाही. त्यामुळे सहासात शब्दांत दोन चित्रे समोरासमोर उभी राहतात आणि त्यांच्यातील संबंध श्रोत्याने शोधावयाचा असतो. डुकराच्या नाकातील सोन्याची नथ आणि विवेकहीन रूपवती ह्यांना एकत्र आणणारे प्रसिद्ध वचन घ्या. मुळात तेथे 'जशी' नाही आणि 'तशी'ही नाही. भाषांतरकार हे शब्द घालतो तेव्हा तो वाचकाचे काम हलके करतो, आणि वचनाची धारही काहीशी बोथट करतो.

ह्या द्विदल रचनेस समांतरता म्हणतात. रॉबर्ट लोथ ह्यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन व्याख्यानांत तिचे समानार्थी, विरोधी व संयोगी असे तीन प्रकार कल्पिले, आणि दोन शतके तेच पाठ्यपुस्तकांतून चालत आले. जेम्स क्यूगल ह्यांनी १९८१ मध्ये त्यावर कठोर टीका केली : दुसरे दल पहिल्याची पुनरुक्ती करीत नसून त्याच्या पुढे जाते, ते ठासून सांगते किंवा त्याला वळण देते. प्रस्तुत लेखकास ही टीका मान्य आहे. रोमान याकोबसन ह्यांनी १९६६ च्या आपल्या लेखात व्याकरणिक समांतरतेचा जो विचार मांडला, त्याच्याशीही ती जुळते. पहिल्या दलात एकवचन व दुसऱ्यात अनेकवचन, एकात पूर्णकाल व दुसऱ्यात अपूर्ण, असे बारीक फेरफार हिब्रू कवी हेतुपुरस्सर करतो, आणि अर्थाची पुढची पायरी पुष्कळदा त्या फेरफारातच असते.

रचनेची ही चर्चा निव्वळ काव्यशास्त्रीय नव्हे. हे ग्रंथ जगण्याविषयी नेमके काय सांगतात, हा प्रश्न तिच्यावर अवलंबून आहे. सव्विसाव्या अध्यायात दोन वचने लागोपाठ येतात. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या वळणाने उत्तर देऊ नये, असे पहिले सांगते. तसेच उत्तर द्यावे, असे दुसरे. शब्दरचना जवळजवळ एकच आहे. पहिल्यात कारण दिले आहे की आपणही त्याच्यासारखे होऊ. दुसऱ्यात, तो स्वतःला शहाणा समजू लागेल. हा परस्परविरोध इतका उघड आहे की, त्यामुळे हा ग्रंथच बाजूला ठेवावा की काय, अशी चर्चा झाल्याचे बॅबिलोनी तालमूदात नमूद आहे. सूत्र म्हणून वाचल्यास हा दोषच ठरेल. पण संकलकाने ही वचने मुद्दाम शेजारी ठेविली आहेत, हे उघड आहे. समोरचा मूर्ख कोणत्या जातीचा, वेळ कोणती, ऐकणारे कोण, हे पाहून दोहोंपैकी कोणते वचन काढावयाचे हे ज्याला कळते तो शहाणा. सुताराच्या पेटीत पटाशीही असते आणि रंधाही असतो. त्यांचा परस्परांशी विरोध आहे असे कोणी म्हणत नाही.

मूर्खांच्या जातींचा उल्लेख आला, तेव्हा त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. कारण भाषांतरांत हे सर्व भेद 'मूर्ख' ह्या एकाच शब्दाखाली बुजून जातात. 'पेती' हा शब्द 'उघडे असणे' ह्या धातूशी जोडला जातो. ज्याच्या मनाची दारे सताड उघडी आहेत, जो सांगेल ते खरे मानतो, असा हा कोवळा भोळा माणूस. ग्रंथ मुख्यतः त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्याविषयी लेखक कधी निराश होत नाही. 'केसील' हा निबर असतो. त्याच्या नामाच्या कुळात 'भरवसा' असा अर्थ असलेला शब्दही आहे. स्वतःवर नको तितका भरवसा ठेवणारा तो केसील, असे समजण्यास हरकत नाही. 'एवील' हा शिक्षणाचा तिटकारा करणारा हेकट. 'नाबाल' ह्यात मूर्खपणापेक्षा नीचपणा अधिक. सर्वांत वाईट तो 'लेत्स', म्हणजे टवाळ. त्याच्याजवळ बुद्धी भरपूर असते. परंतु कोणतीही गोष्ट गंभीरपणे घेण्याची शक्ती त्याने घालविलेली असते, म्हणून त्याला शिकविण्याचा प्रयत्नही करू नये असे सांगितले आहे. आपल्या वाचकांस येथे समर्थांच्या दासबोधातील मूर्खलक्षणांची व पढतमूर्खाची आठवण होईल. दोहोंत ऐतिहासिक संबंध काही नाही. पण तुलना करणाऱ्याने एक फरक ध्यानात ठेवावा. समर्थ मूर्खाची लक्षणे मोजतात, तर हिब्रू शब्दावली मूर्ख किती शिकण्याजोगा उरला आहे ह्यावरून त्याची प्रतवारी लावते.

शिकण्याचे साधन कान. शलमोनाने देवाजवळ जे मागितले ते बहुतेक भाषांतरांत समंजस मन असे येते. मुळात ते ऐकणारे हृदय आहे. हिब्रूत हृदय हे भावनेपेक्षा विचाराचे इंद्रिय असून, 'हृदयाची उणीव असलेला' म्हणजे अक्कल नसलेला. इजिप्तमधील प्ताहोतेपचा फार जुना उपदेशही ऐकण्याच्या महतीनेच संपतो. संस्कृतात 'शुश्रूषा' ह्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा असून तो पुढे सेवेपर्यंत कसा पोहोचला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या कल्पनेची दिशा वेगळी सांगावयास नको. ऐकण्याबरोबर येते 'मूसार', म्हणजे शिस्त, ताडन, आवर. आरंभी उल्लेखिलेला लगाम तो हाच.

मग चांगले वागणाऱ्याचे चांगले होते काय? नीतिसूत्रांचे वरवरचे उत्तर 'होय' असे आहे. उद्योगी हात श्रीमंत होतात, खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो. क्लाउस कोख ह्यांनी १९५५ मध्ये असे प्रतिपादिले की, येथे देव न्यायाधीशासारखा बाहेरून फळ देत नाही. कर्माच्या पोटातच फळ असते आणि देव ते पिकू देतो. कर्मविपाकाच्या कल्पनेत वाढलेल्या वाचकाला हे परिचित वाटेल, मात्र येथे पुनर्जन्म नाही. सर्व हिशोब ह्याच आयुष्यात चुकता व्हावयास हवा, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. ग्रंथाला ती ठाऊक नव्हती असे नाही. 'अमुक हे अमुकाहून बरे' ह्या साच्याची त्यातील वचने पाहावी. हिब्रूत विशेषणाचे तरतमरूप नसते. तुलना 'पासून' ह्या अर्थाच्या 'मिन्' अव्ययाने होते, जशी मराठीत '-हून' ह्या प्रत्ययाने होते. सरळ वाटेचा दरिद्री हा वाकड्या वाटेच्या धनवानाहून बरा, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा सरळ माणूस दरिद्री राहू शकतो हे सांगणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते. बाजारातील खोट्या वजनांवर चार वेळा प्रहार आहेत. वजनाला हिब्रूत 'दगड'च म्हणत, आणि यहूदात अशी दगडी वजने उत्खननांत पुष्कळ सापडली आहेत. लबाडी करूनही व्यापारी सुखात असतात हे दिसल्यावाचून इतक्यांदा बजावण्याची पाळी आली नसती.

ईयोबाच्या ग्रंथात ही अडचण उघड्यावर येते. निर्दोष माणसावर आपत्ती कोसळली आहे आणि अलीफज, बिल्दद व सोफर हे त्याचे तीन मित्र नीतिसूत्रांचेच तत्त्व उलटे फिरवून त्याच्या अंगावर टाकीत आहेत : पाप्याला दुःख होते, तुला दुःख झाले आहे, तस्मात् तू पापी. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास ह्यातील दोष लगेच दिसेल. पण दुःखी माणसाच्या घरी बसून हा दोष आपणही किती सहज करतो, हे ज्याचे त्याने आठवावे. ग्रंथाची भाषा अतिशय कठीण असून, अन्यत्र कोठेही न आढळणारे शब्द त्यात विपुल आहेत. दोन ठिकाणी तर ग्रंथाचा सगळा अभिप्राय व्याकरणाच्या धाग्यावर लोंबकळत राहतो.

पहिले स्थळ तेराव्या अध्यायात. देव आपला प्राण घेईल ह्या शक्यतेपुढे उभे राहून ईयोब बोलत आहे. तेथे 'लो' असा उच्चार असलेला एक शब्द आहे. तो लामेद-आलेफ असा लिहिला तर 'नाही', आणि लामेद-वाव असा लिहिला तर 'त्याच्यासाठी'. लिखित पाठात पहिला आहे, वाचनपरंपरेत दुसरा. पहिल्याने ईयोबाला कसलीही आशा उरलेली नाही. दुसऱ्याने त्याची आशा अजून देवावरच आहे. कानाला दोन्ही सारखेच. मिश्नातील 'सोता' ह्या प्रकरणात ही संदिग्धता नोंदविलेली आहे. भक्तिपर परंपरेने दुसरा पाठ उचलला आणि त्यावर असंख्य प्रवचने झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते संदर्भास पहिलाच पाठ अधिक शोभतो. ईयोब तेथे शरण जात नसून, आशा नसतानाही आपली बाजू मांडण्याचा हट्ट धरीत आहे.

दुसरे स्थळ अखेरच्या अध्यायात. वादळातून देव बोलला, सृष्टीची अफाट व मनुष्यनिरपेक्ष व्यवस्था त्याने दाखविली, आणि ईयोब शेवटचे उत्तर देतो. त्या उत्तरातील पहिल्या क्रियापदाचा अर्थ 'नाकारणे, तुच्छ लेखणे' असा आहे, पण त्याला कर्मच नाही. भाषांतरकार बहुधा 'स्वतःला' हे कर्म पदरचे घालतात. दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ 'पश्चात्ताप होणे' असा होतो, 'मत बदलणे' असा होतो आणि 'सांत्वन पावणे' असाही होतो. त्याबरोबरचे अव्यय 'वर' किंवा 'विषयी' ह्यांपैकी काहीही सुचवू शकते. त्यामुळे धूळ व राख ह्यांत बसून पश्चात्ताप करणारा ईयोब जसा ह्या वाक्यातून निघतो, तसाच आपण धूळ आणि राख आहोत, म्हणजे मर्त्य आहोत, ह्या गोष्टीविषयी समाधान पावलेला ईयोबही निघतो. आमच्या अभ्यासवर्गात ह्या वाक्यावर दोन तासिका खर्च झाल्या आणि वर्ग दुभंगलेलाच राहिला. एक गोष्ट मात्र संदेहापलीकडची आहे. लगेच पुढे देव मित्रांवर रागावतो आणि ईयोबाप्रमाणे ते यथार्थ बोलले नाहीत असे सांगतो. तत्त्वाचे समर्थन करणारे दोषी ठरतात, व तक्रार करणारा खरा ठरतो.

उपदेशक, हिब्रूत कोहेलेथ, ह्याची जात आणखी निराळी. ह्याही ग्रंथावर शलमोनाची छाया आहे, पण भाषेने ती केव्हाच पुसून टाकली. हा ग्रंथ शलमोनाचा असेल तर हिब्रू भाषेला इतिहासच नाही, अशा आशयाचा अभिप्राय फ्रांट्स डेलिच ह्यांनी १८७५ मध्ये दिला. त्यात दोन इराणी शब्द आहेत. 'पार्देस' म्हणजे उपवन. अवेस्तातील रूपात त्याचे दोन घटक स्पष्ट आहेत : 'पइरि', जो आपला 'परि', आणि 'दएझ', ज्याचे नाते संस्कृत 'दिह्' धातूशी आहे, म्हणजे भोवताली रचलेली भिंत. दुसरा 'पित्गाम', म्हणजे हुकूमनामा. त्याचे इराणी मूळ संस्कृतातील 'प्रति' व 'गम्' ह्यांच्या भावंडांनी बनलेले असून, त्याच मुळापासून फारसीत 'पैगाम' झाला, आणि 'पैगंबर' ह्या शब्दाच्या रूपाने तो मराठीसही ठाऊक आहे. इराणी साम्राज्याच्या स्थापनेपूर्वी, म्हणजे इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी, हे शब्द यरुशलेमच्या लेखकाच्या तोंडी येणे संभवत नाही.

कोहेलेथचा पालुपदासारखा शब्द 'हेवेल'. तो ह्या बारा अध्यायांच्या ग्रंथात ३८ वेळा येतो. हिब्रू पवित्रशास्त्रातील त्याच्या एकूण प्रयोगांपैकी निम्म्याहून अधिक येथेच आहेत. मूळ अर्थ श्वास, वाफ. आदामाच्या ज्या मुलाचा भावाने वध केला त्या हाबेलचे नावही हाच शब्द आहे. ग्रीक भाषांतराने व जेरोमच्या लॅटिनने त्यास 'निष्फळता', 'पोकळपणा' असे अमूर्त रूप दिले, आणि मराठीतला 'व्यर्थ' त्याच वाटेने आला. वाफ व्यर्थ नसते; थंडीच्या सकाळी ती दिसते, ऊबही देते, फक्त मुठीत धरता येत नाही. मायकेल फॉक्स ह्यांनी 'विसंगत' हा अर्थ सुचविला आहे, आणि न्याय्य फळ न मिळण्याच्या प्रसंगांत तो उत्तम लागू पडतो. पण तारुण्यालाही कोहेलेथ हेवेल म्हणतो, तेथे क्षणिकता हाच अर्थ हवा. एकच प्रतिशब्द सर्वत्र चालविण्याचा आग्रह सोडलेला बरा. 'माया' हा शब्द मात्र कटाक्षाने टाळावा : कोहेलेथला जग मिथ्या वाटत नाही, ते फार खरे आहे, म्हणून तर त्याची कुरकुर आहे.

त्याचा दुसरा आवडता शब्द 'यित्रोन' हा अन्यत्र आढळत नाही. 'उरणे' ह्या धातूपासून तो बनला असून व्यापारी हिशोबातला दिसतो. त्याला मराठीत 'शिल्लक' हा शब्द नेमका बसतो. सूर्याखाली केलेल्या सर्व श्रमांतून मनुष्याला शिल्लक काय राहते, हा त्याचा प्रश्न. शहाणा मरतो, मूर्खही मरतो. कमावलेले कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. उत्तर, शिल्लक शून्य. पण येथेच तो दुसरा एक शब्द पुढे करतो : 'हेलेक', म्हणजे वाटा, वडिलार्जित मिळकतीतला हिस्सा. शिल्लक नसली तरी वाटा आहे. खावे, प्यावे, अंगावर स्वच्छ वस्त्रे असावी, प्रिय पत्नीसह दिवस घालवावे, हाताला मिळेल ते काम जीव ओतून करावे. हा उपदेश तो सात वेळा करतो, आणि बहुतेक वेळी ते देवाचे देणे आहे असे सांगतो. गिल्गमेश काव्याच्या प्राचीन बॅबिलोनी पाठात मद्यगृह चालविणारी सिदुरी जवळजवळ हाच सल्ला देते. कित्येकांनी कोहेलेथला चार्वाकाच्या पंक्तीस बसविले आहे; ते मला पटत नाही. सुख लुटून घ्यावे असे तो म्हणत नाही. दिलेले हाती घ्यावे असे म्हणतो, आणि घेण्याची पात्रताही देणगीच मानतो. हा ग्रंथ पवित्र मानावा की नाही ह्यावर शम्माय व हिल्लेल ह्यांच्या शाखांत मतभेद होता, ह्याचे नवल नाही.

मराठीशी ह्या ग्रंथांचा संबंध भाषांतरापुरताच नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. त्यातील जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनी अनेक हिब्रू ग्रंथ मराठीत आणले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. 'हेवेल', 'यित्रोन' यांसारख्या शब्दांसाठी ह्या निरनिराळ्या भाषांतरकारांनी काय काय योजिले, ह्याचा तौलनिक अभ्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी अवश्य घ्यावा.

बेन सिराविषयी दोन शब्द. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी यरुशलेमात शिकविणाऱ्या ह्या पंडिताने ज्ञान व मोशेचे नियमशास्त्र ह्यांची सांगड घातली, आणि पूर्वजांची स्तुती करून आधीच्या ग्रंथांनी वगळलेला इतिहास आत आणला. त्याचा अडतिसावा अध्याय मात्र वाचावाच. वैद्याचा मान राखावा असे सांगून तो नांगऱ्या, मुद्रा कोरणारा, लोहार व कुंभार ह्यांचे इतके बारीक वर्णन करतो की भट्टीची धग लागावी. त्यांना सभेत कोणी बोलावीत नाही. पण त्यांच्यावाचून नगर वसत नाही, हे तो कबूल करतो. हकीम आणि हिकमती कारागीर येथे एकाच अध्यायात आले आहेत.

त्याच्या नातवाने इ. स. पू. १३२ नंतर इजिप्तमध्ये हा ग्रंथ ग्रीकमध्ये उतरविला. हिब्रूत म्हटलेले दुसऱ्या भाषेत गेले की तितके समर्थ राहत नाही, अशी कबुली देऊन त्याने प्रस्तावनेत वाचकांची क्षमा मागितली आहे. मूळ हिब्रू ग्रंथ पुढे लुप्त झाला. १८९६ मध्ये आग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन ह्या भगिनींनी पूर्वेकडून आणलेल्या पानांत सॉलोमन शेख्टर ह्यांना त्यातील एक पान ओळखू आले, आणि कैरोच्या गेनिझातून पुढे ग्रंथाचा मोठा भाग मिळाला. ही हिब्रू मुळातली नसून कोणीतरी मागाहून उलट भाषांतर केले आहे, असा आक्षेप डी. एस. मार्गोलियथ ह्यांनी १८९९ मध्ये घेतला. १९६४ मध्ये मसादाच्या किल्ल्यात यिगाएल यादीन ह्यांच्या उत्खननात ह्या ग्रंथाची एक गुंडाळी निघाली. तो किल्ला इ. स. ७३ च्या सुमारास पडला, तेव्हा गुंडाळी त्याआधीची. तिचा पाठ गेनिझाच्या पाठाशी पुष्कळ अंशी जुळला, आणि नातवाच्या भाषांतरात काय निसटले हे आता पानोपानी ताडून पाहता येते.